सांगण्याची किंमत कोणी मोजायची?

(जागतिक एड्स दिनानिमित्त दिल्लीतील मराठी भाषक कामगार-कार्यकर्त्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

सरकारी रुग्णालयातील समुपदेशन व चाचणी केंद्रातून एखादा कामगार रक्ततपासणीचा अहवाल घेऊन बाहेर पडतो. अहवालात एच.आय.व्ही.ची लागण झाल्याचे निदान असते. या रोगावर आज औषध आहे, ते सरकारी केंद्रात मोफत मिळते, आणि ते रोज न चुकता घेतले तर माणूस इतरांसारखेच दीर्घ आयुष्य जगू शकतो, असे समुपदेशकाने त्याला सांगितलेले असते. हे सारे त्याने ऐकलेले असते. तरीही रुग्णालयाच्या फाटकापाशी तो थबकतो, कारण त्याच्या मनात निराळाच प्रश्न घोळत असतो. घरी सांगायचे कसे? आणि प्रथम कोणाला?

दिल्ली आणि तिच्या भोवतीच्या नोएडा, साहिबाबाद, गुरुग्राम, मानेसर या औद्योगिक पट्ट्यात हा प्रश्न विशेष अवघड होऊन बसतो. येथील बहुसंख्य कामगार परप्रांतांतून आलेला आहे. त्याचे काम एका ठिकाणी, कुटुंब दुसऱ्या ठिकाणी आणि मुक्काम भाड्याच्या खोलीत चारसहा जणांबरोबर. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी भागातून सोनेचांदी गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेल्या मराठी माणसाची स्थिती तर सर्वांना ठाऊकच आहे. जेथे भट्टी तेथेच अंथरूण, जो मालक तोच गाववाला आणि बहुधा नातलगही. अशा माणसाचे गुपित सकाळी दुकानात फुटले तर संध्याकाळपर्यंत गावच्या पारावर पोचते. त्याचे काम जाते, त्याबरोबर झोपण्याची जागा जाते, आणि गावी बहिणीचे ठरत आलेले लग्नही मोडू शकते. म्हणजे एक वाक्य उच्चारण्याची किंमत रोजगार, निवारा आणि कुटुंबाची पत या तिन्हींत मोजावी लागते.

ही वस्तुस्थिती ध्यानात न घेता ‘त्याने आधीच का सांगितले नाही?’ असा सवाल करणे सोपे असते. सुखवस्तू समाजाची नीतिमत्ता नेहमी तसाच सवाल करते. ती सत्य बोलण्याची सगळी जबाबदारी आजारी माणसावर टाकते आणि सत्य ऐकल्यानंतर आपण कसे वागणार याबद्दल मात्र मौन पाळते. आजच्या विवेचनाचा मुद्दा नेमका येथे आहे. जोडीदाराला निदान कळले पाहिजे, यात शंका नाही, कारण प्रश्न त्याच्या किंवा तिच्या जिवाचा आहे. परंतु ते सांगणे शक्य व्हावे अशी परिस्थिती निर्माण करणे हे एकट्या रुग्णाचे काम नाही. ते समाजाचे, राज्यसंस्थेचे आणि कामगारांच्या संघटनांचे काम आहे.

मराठी भाषेने लैंगिक संबंधातून होणाऱ्या रोगांना ‘गुप्तरोग’ असे नाव दिले, यातच पुष्कळ काही आले. रोग शरीराचा, पण त्याच्या नावातच लपविण्याची आज्ञा! र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ ते १९५३ या काळात ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. कामजीवन व त्यातून होणारे रोग यांविषयी उघडपणे, शास्त्रीय भाषेत बोलले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. त्याबद्दल त्यांना खटले भरून कोर्टात खेचण्यात आले आणि नोकरीही गमवावी लागली. उघड बोलणाऱ्याला शिक्षा करणारा आणि न बोलणाऱ्याला दोष देणारा समाज एकच होता, हे महाराष्ट्राने तेव्हाच अनुभवले आहे.

सक्तीने फोडलेले गुपित

भारतात एच.आय.व्ही.ची लागण प्रथम १९८६ साली मद्रासमध्ये आढळली. त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत रुग्णाने कोणाला सांगावे हा प्रश्न त्याच्या हाती ठेवण्यातच आला नाही. राज्यसंस्थेने त्याच्या वतीने तो सोडवला, आणि तोही पोलिसांकरवी.

गोव्यातील डॉमिनिक डिसोझा या तरुणाची हकिगत या संदर्भात प्रत्येकाला माहीत असली पाहिजे. म्हापशाजवळच्या पर्रा गावचा हा तरुण नियमाने रक्तदान करीत असे. त्याच्या रक्तात विषाणू आढळल्याचे त्याला कोणी सांगितले नाही. फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलीस त्याला घेऊन गेले. रुग्णालयातील नोंदवहीत आपल्या नावापुढे लिहिलेला शब्द वाचून त्याला स्वतःचे निदान कळले. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली म्हापशाच्या वापरात नसलेल्या क्षयरोग रुग्णालयात त्याला ६४ दिवस पहाऱ्यात कोंडून ठेवण्यात आले. त्याची आई लुसी डिसोझा यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा तो घरी परतू शकला. परंतु विलगीकरणाचा अधिकार देणारी तरतूद न्यायालयाने अखेर वैधच ठरवली. दरम्यान त्याचे नाव सर्वतोमुखी झाले होते आणि नोकरीही गेली होती. १९९२ साली त्याने बाधितांच्या साहाय्यासाठी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि त्याच वर्षी मे महिन्यात त्याचा मृत्यू झाला.

या घटनेत घराने काय केले, हे विसरता येणार नाही. पोलिसांनी गुपित चव्हाट्यावर आणले, पण आई न्यायालयाच्या पायऱ्या चढली. कुटुंब म्हटले की नकारच येणार, असे गृहीत धरणे चूक आहे. कुटुंबाला रोगाची खरी माहिती आणि बाहेरून थोडा आधार मिळाला, तर तेच रुग्णाचे सर्वांत भक्कम ठाणे होऊ शकते.

गोव्यात जे घडले तेच देशभर कायद्याने घडवण्याचा घाट त्याच वर्षी दिल्लीत घातला गेला. १९८९ साली राज्यसभेत एड्स प्रतिबंधक विधेयक मांडण्यात आले. संशयितांची सक्तीची तपासणी, डॉक्टरांनी अधिकाऱ्यांना माहिती कळवण्याचे बंधन आणि विलगीकरण ही त्याची दिशा होती. याच सुमारास दिल्लीत ‘एड्स भेदभाव विरोधी आंदोलन’ नावाचा एक लहानसा गट उभा राहिला. सरकारी अनुदानाविना, पदाधिकाऱ्यांच्या उतरंडीविना चालणाऱ्या या गटाने विधेयकाला विरोध केला. १९९० साली त्याने स्त्रिया आणि एड्स या विषयावर नागरिकांचा अहवाल प्रसिद्ध केला. नकार आणि दोषारोप हे दोन शब्द त्या अहवालाच्या शीर्षकातच होते. वरचा समाज रोगाचे अस्तित्व नाकारतो आणि नाकारणे अशक्य झाले की दोष वेश्यावस्तीतील बाईवर, रक्त विकणाऱ्या गरिबावर ढकलतो, हे त्या गटाने दाखवून दिले. पुढे ते विधेयक मागे घेण्यात आले.

या इतिहासाचा धडा स्पष्ट आहे. सक्तीने गुपित फोडले की रोग उघडकीला येत नाही, तो आणखी खोल दडतो. नाव जाहीर होईल या भीतीने लोक तपासणीलाच येत नाहीत. ज्याला स्वतःलाच माहीत नाही, तो जोडीदाराला काय सांगणार?

दोन हक्कांचा पेच

परंतु प्रश्नाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ज्याच्याशी शरीरसंबंध आहे किंवा होणार आहे, त्या व्यक्तीलाही जगण्याचा हक्क आहे. या दोन हक्कांचा पेच दिल्लीतील सर्वोच्च न्यायालयापुढे १९९८ साली आला. नागालँडच्या आरोग्यसेवेतील एका डॉक्टरने रुग्णासाठी रक्त देऊ केले असता मद्रासमधील खाजगी रुग्णालयात त्याला लागण असल्याचे आढळले. ती माहिती बाहेर गेली, ठरलेले लग्न मोडले, समाजाने वाळीत टाकले आणि त्याला गाव सोडावे लागले. त्याने रुग्णालयाविरुद्ध दाद मागितली. न्यायालयाने त्याचे नाव गुप्त ठेवले, पण निकाल त्याच्या विरुद्ध दिला. खाजगीपणाचा हक्क निरपवाद नाही, नियोजित वधूच्या आरोग्याचा हक्क त्याहून वरचा आहे, असे न्यायालय म्हणाले. येथवरचा युक्तिवाद समजण्यासारखा होता. परंतु न्यायालय त्यापुढेही गेले आणि अशा व्यक्तीचा विवाहाचा हक्क रोग बरा होईपर्यंत स्थगित राहील असे मत त्याने नोंदवले.

या मताचा परिणाम उघड होता. सांगितले तर लग्नाचा हक्कच संपणार असेल, तर सांगेल कोण? डिसेंबर २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या मोठ्या पीठाने विवाहाविषयीची ती मते त्या प्रकरणात अनावश्यक होती असे ठरवून बाजूला सारली. सर्व माहिती देऊन, दोघांच्या राजीखुशीने होणाऱ्या विवाहाच्या आड येणारी निकालाची भिंत अशा रीतीने दूर झाली.

ज्या पुरुषाचा जोडीदार पुरुष आहे, त्याच्या बाबतीत हा पेच अधिकच बिकट होता. २०१८ पर्यंत त्याचे निदान सांगणे म्हणजे भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ खालील गुन्ह्याची कबुली देण्यासारखे होते. या कलमाविरुद्धचा लढाही दिल्लीतच उभा राहिला. एड्स भेदभाव विरोधी आंदोलनाने १९९४ साली आणि नाझ फाउंडेशनने २००१ साली दिल्ली उच्च न्यायालयात याचिका दाखल केल्या. २००९ साली उच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले, २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने ही चूक दुरुस्त केली. या लढ्यात खुद्द केंद्र सरकारच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, म्हणजे ‘नॅको’ने, हे कलम रोगप्रतिबंधाच्या कामात अडथळा आणते असे प्रतिज्ञापत्र सादर केले होते. ज्या गोष्टीला कायदा तुरुंग दाखवतो, तिच्याविषयी कोणी मोकळेपणाने बोलत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आजचा कायदा काय म्हणतो

एच.आय.व्ही. आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा संसदेने एप्रिल २०१७ मध्ये संमत केला आणि तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. प्रत्येक कार्यकर्त्याने त्यातील काही तरतुदी पाठ केल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट म्हणजे संमतीशिवाय तपासणी नाही आणि संमतीशिवाय निदानाची वाच्यता नाही. मालकाला, घरमालकाला, शेजाऱ्याला किंवा दीर-नणंदांना रुग्णाचे निदान कळवण्याचा अधिकार कोणालाही नाही. नोकरी देण्याची अट म्हणून ही तपासणी मागता येत नाही.

दुसरी गोष्ट जोडीदाराची. कलम ९ प्रमाणे केवळ डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला कळवू शकतो, तेही काही पायऱ्या ओलांडल्यानंतर. जोडीदाराला लागणीचा मोठा धोका आहे अशी त्याची वाजवी खात्री झाली पाहिजे. रुग्णाने स्वतः सांगावे म्हणून त्याला समुपदेशन केलेले असले पाहिजे. तरीही तो सांगणार नाही अशी खात्री पटली पाहिजे. आणि आपण आता कळवणार आहोत हे रुग्णाला आधी सांगितले पाहिजे. त्यानंतरही ही माहिती चिठ्ठीने वा निरोपाने द्यायची नाही. जोडीदाराला समक्ष भेटून, समुपदेशन करूनच द्यायची आहे.

तिसरी तरतूद स्त्रीविषयी आहे आणि ती या कायद्याचे सर्वांत मोलाचे कलम मानावी लागेल. बाधित स्त्रीचे निदान तिच्या जोडीदाराला कळल्यास तिला मारहाण होईल, घराबाहेर काढले जाईल किंवा तिच्या वा तिच्या मुलांच्या जिवाला व सुरक्षिततेला गंभीर धोका पोचेल अशी वाजवी भीती असेल, तर डॉक्टरनेही ते कळवावयाचे नाही. एरवी लागण पसरू नये म्हणून आवश्यक ती काळजी घेण्याचे आणि त्यात आपली स्थिती आधी सांगण्याचे कर्तव्य कायदा बाधित व्यक्तीवर टाकतो. परंतु अशा भीतीच्या छायेतील स्त्रीला त्यातूनही सूट आहे.

चौथी गोष्ट घराची. बाधित व्यक्तीला आणि तिच्याबरोबर राहणाऱ्यांना सामायिक घरात राहण्याचा व तेथील सोयी वापरण्याचा हक्क आहे. तिला घरातून किंवा घराच्या एखाद्या भागातून हुसकावता येत नाही. वेगळे ताट, वेगळी खोली, ओसरीवर अंथरूण हे प्रकार प्रेमाच्या अभावाचे तर आहेतच, पण आता ते कायद्याचेही उल्लंघन आहेत. न्यायालयात जावे लागले, तर नाव न उघडता दाद मागण्याची सोयही कायद्यात आहे.

दोष मात्र बाईच्या माथी

कायद्याने स्त्रीला ही सूट का दिली, हे समजण्यासाठी निदान कोणाचे प्रथम होते याचा विचार केला पाहिजे. गरोदर स्त्रियांची तपासणी सरकारी रुग्णालयांत नेमाने होते, आणि ती आवश्यकच आहे. उपचाराविना आईकडून मुलाला लागण होण्याचे प्रमाण शंभरात १५ ते ४५ इतके असते, तर योग्य उपचारांनी ते ५ च्याही खाली आणता येते. परंतु याचाच परिणाम असा होतो की अनेक घरांत पहिला अहवाल सुनेचा येतो. नवरा दिल्लीला, तो कधी तपासणीला गेलेला नसतो, आणि घरात रोग ‘आणल्याचा’ ठपका जिचे निदान आधी झाले तिच्यावर बसतो. जिने गावाची वेस ओलांडलेली नाही, तिच्या चारित्र्याचा पंचनामा सुरू होतो!

कुटुंबसंस्थेच्या उगमाविषयी लिहिताना एंगेल्सने १८८४ सालीच दाखवून दिले होते की एकनिष्ठेचे बंधन व्यवहारात स्त्रीवरच लादले गेले आणि पुरुष त्यातून मोकळा राहिला. त्या विषम व्यवस्थेचा हिशेब हा रोग आज रक्ताच्या अहवालातून मांडतो आहे. म्हणून ‘जोडीदाराला सांगावे’ हे सूत्र स्त्री-पुरुषांना सारख्याच शब्दांत ऐकवून भागत नाही. पुरुषाने सांगितले, तर पुष्कळदा बायको त्याची शुश्रूषा करू लागते. बाईने सांगितले, तर पुष्कळदा तिची माहेरी रवानगी होते. जमीन तिच्या नावावर नाही, रोजगार तिच्या हाती नाही, अशा स्थितीत तिचे मौन हा लबाडीचा पुरावा ठरत नाही. ते तिच्या असहायतेचे माप आहे.

सांगलीतच १९९० च्या दशकाच्या आरंभापासून ‘संग्राम’ या संस्थेने आणि वेश्याव्यवसायातील स्त्रियांच्या ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ या संघटनेने जे काम केले, त्यातून हेच दिसले. समाजाने ज्यांना रोगाचे मूळ म्हणून बोट दाखवले, त्याच स्त्रिया संघटित झाल्यावर निरोधचा आग्रह धरू लागल्या आणि इतर घटकांपर्यंत रोगाची माहिती पोचवू लागल्या. संघटनेचे बळ पाठीशी आले की जीभ मोकळी होते.

औषधाने काय बदलले

१९८९ मध्ये निदान सांगणे म्हणजे मृत्यूची वार्ता सांगणे होते. आज तसे राहिलेले नाही. १ एप्रिल २००४ पासून देशात सरकारी केंद्रांतून मोफत औषधोपचार सुरू झाला. २०१७ पासून निदान होताच, रोग बळावण्याची वाट न पाहता, औषध सुरू करण्याचे धोरण आले. पती-पत्नींपैकी एकालाच लागण असलेल्या १,७६३ जोडप्यांचा नऊ देशांत अभ्यास झाला. त्यात पुणे आणि चेन्नई ही केंद्रेही होती. २०११ साली त्याचे निष्कर्ष जाहीर झाले. लवकर औषध सुरू केल्यास जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी टळते असे त्यातून दिसले. नंतरच्या संशोधनाने हे अधिक पक्के केले. औषधाने रक्तातील विषाणूंचे प्रमाण तपासणीत न सापडण्याइतके खाली आले आणि तसेच टिकले, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

घरी सांगणाऱ्याच्या दृष्टीने या वाक्याचे महत्त्व मोठे आहे. आता तो केवळ धोक्याची सूचना घेऊन घरी जात नाही, धोका टाळण्याचा उपायही बरोबर घेऊन जातो.

हे औषध गरिबाच्या हाती आपोआप आलेले नाही. बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या पेटंटखालील उपचारांचा खर्च वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर होता. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्ला या भारतीय कंपनीने तीच औषधे वर्षाला ३५० डॉलरना देऊ केली. मार्च २००५ मध्ये पेटंट कायदा दुरुस्त झाला, तेव्हा संसदेतील डाव्या पक्षांच्या आग्रहामुळे काही संरक्षक तरतुदी त्यात आल्या. त्यांचा आधार घेऊन दिल्लीतील बाधितांच्या संघटनेने इतरांसह टेनोफोविर या औषधाच्या पेटंट-अर्जांना २००६ साली विरोध नोंदवला आणि २००९ साली ते अर्ज फेटाळले गेले.

औषध आणि गुपित यांचा एक संबंध बाहेरच्या माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही. महिन्याचे औषध एकदम मिळाले, तर कामगाराचा एकच खाडा पडतो. तुटवडा झाला की पाच-सात दिवसांच्या गोळ्या देऊन परत बोलावले जाते. मग महिन्यात चार खाडे पडतात, मुकादम कारण विचारतो, सोबती कुजबुजतात आणि जे त्याने अजून कोणाला सांगितलेले नाही ते रजेच्या अर्जातून फुटते. पुरवठ्यातील ढिलाई अशा रीतीने माणसाची इज्जत चव्हाट्यावर मांडते.

२०२२ साली असाच तुटवडा पडला, तेव्हा जुलै महिन्यात बाधित स्त्री-पुरुष दिल्लीत जनपथवरील ‘नॅको’च्या कार्यालयापुढे धरणे धरून बसले. महिन्याहून अधिक काळ ते हटले नाहीत. तेथे बसणे म्हणजे वाटसरूंसमोर, छायाचित्रकारांसमोर आपले निदान जाहीर करणेच होते. जे घरच्या उंबरठ्याआड एकट्याने उच्चारणे अशक्य वाटते, ते अनेकांनी मिळून राजधानीच्या रस्त्यावर उच्चारले. १९८९ साली पोलिसांनी एका तरुणाचे गुपित फोडले होते. २०२२ साली माणसांनी आपल्या इच्छेने, आपल्या हक्कासाठी तोंड उघडले. या दोन घटनांमधील अंतर म्हणजेच या चळवळीची कमाई.

सांगावे कसे

आता व्यवहाराचा प्रश्न. प्रथम कोणाला, या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. ज्याच्या शरीराला धोका आहे त्याला. पत्नी, पती किंवा अन्य जोडीदार यांचा हक्क पहिला. आईवडील, भाऊ, मेहुणे यांना सांगणे हा मर्जीचा भाग आहे, कर्तव्याचा नाही. अनेकदा माणूस उलटे करतो. तो भावाला सांगतो, भाऊ आईला सांगतो आणि पत्नीला सर्वांत शेवटी, तेही भांडणात कळते. हे टाळले पाहिजे. तसेच जोडीदाराला सांगून तो वा ती तपासणी करून घेईपर्यंत निरोध वापरण्यात कुचराई होता कामा नये.

सांगण्यापूर्वी स्वतः रोगाविषयी नीट समजून घ्यावे. एकत्र जेवण, एक भांडे, एक संडास, मिठी, मुलाचा मुका, डासाचा चावा यांतून लागण होत नाही, हे स्वतःला ठामपणे सांगता आले पाहिजे. शक्य असेल तर ही गोष्ट फोनवर सांगू नये. गावी गेल्यावर, अथवा जोडीदार दिल्लीला आल्यावर, समुपदेशकापुढे दोघांनी एकत्र बसावे. समुपदेशन केंद्रात तशी सोय असते, आणि १०९७ या क्रमांकावर मोफत सल्लाही मिळतो. पहिल्याच बैठकीत ‘कोणाकडून झाले’ याचा निकाल लावण्याच्या फंदात पडू नये. अहवालावरून कोणाला आधी लागण झाली हे ठरत नाही. पुढचे पाऊल एकच असावे, ते म्हणजे जोडीदाराची आणि आवश्यक तर मुलांची तपासणी.

मारहाणीची भीती असलेल्या स्त्रीने एकटीने सांगण्याचे धाडस करू नये. आधी विश्वासाची एक व्यक्ती, राहण्याचे एक ठिकाण आणि कायद्याची माहिती हाताशी हवी. बाधित मुलांनाही त्यांच्या वयाप्रमाणे, टप्प्याटप्प्याने, आईवडिलांच्या तोंडूनच कळले पाहिजे. गोळ्या कशाच्या हे शाळेच्या आवारात दुसऱ्याकडून कळणे मुलाला फार लागते.

ऐकणाऱ्याचे कर्तव्य

कॉम्रेड्स, ‘नॅको’च्या २०२१ च्या अंदाजाप्रमाणे देशात सुमारे २४ लाख लोक एच.आय.व्ही.सह जगत होते आणि सर्व राज्यांत महाराष्ट्राचा आकडा मोठा, म्हणजे सुमारे ३ लाख ९४ हजार होता. याचा अर्थ असा की ही माणसे प्रत्येक कारखान्यात, प्रत्येक संघटनेत आहेत. ती पक्षाच्या शाखांतही असतील. चळवळीतील माणसेही याच समाजातून येतात आणि त्याचे पूर्वग्रह बरोबर घेऊन येतात. ‘शिथिल चारित्र्य’ हा शब्द एखाद्या बैठकीत सहज उच्चारला जातो आणि कोपऱ्यात बसलेला एक साथी कायमचा गप्प होतो. त्याने शाखेला सांगितले नाही, याबद्दल त्याला जाब विचारण्यापूर्वी शाखेने आपल्या जिभेची तपासणी केली पाहिजे.

यातून काही साधे नियम निघतात. कोणी विश्वासाने सांगितले, तर ‘कसे झाले?’ हा प्रश्न विचारू नये. ‘औषध सुरू झाले का?’ आणि ‘घरी बोलताना सोबत हवी का?’ हे विचारावे. ती गोष्ट दुसऱ्या साथीला, वरिष्ठ समितीलाही, त्याच्या परवानगीवाचून कळवू नये आणि इतिवृत्तात तर नाव मुळीच लिहू नये. सभासदाने आपले निदान संघटनेला सांगितलेच पाहिजे अशी अपेक्षा ठेवू नये. कामगार संघटनांनी शंभर वा अधिक माणसांच्या आस्थापनेत या कायद्याखालील तक्रार अधिकारी नेमला आहे की नाही याची विचारणा करावी. औषधासाठीच्या रजेला कारण लिहावे लागू नये, ही मागणी सनदेत घालावी. औषधाच्या तुटवड्याची बातमी येताच बाधितांच्या संघटनांबरोबर उभे राहावे. आणि शक्य तेथे नेत्यांनी स्वतः चाचणी करून घ्यावी, म्हणजे चाचणी केंद्राची पायरी चढणारा प्रत्येक माणूस संशयित ठरणार नाही.

रुग्णालयाच्या फाटकापाशी थबकलेला तो कामगार अजून तेथेच उभा आहे. त्याने पत्नीला सांगितले पाहिजे, आणि ते लवकर सांगितले पाहिजे. परंतु सांगितल्यावर खोली, काम आणि गावचे नाते टिकेल याची हमी त्याला एकट्याला निर्माण करता येणार नाही. ती त्याच्या खोलीतील सोबत्यांनी, त्याच्या दुकानातील गाववाल्यांनी आणि त्याच्या संघटनेने द्यावयाची आहे. ती हमी ज्या दिवशी त्याला मिळेल, त्या दिवशी त्याला सत्य बोलण्याचा उपदेश करण्याची गरज उरणार नाही.